काडी, खुंट आणि रनर : सातारा-सांगलीच्या रोपव्यवहाराचा इतिहास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शेतीचा इतिहास बहुतेक वेळा पाण्याच्या अंगाने लिहिला गेला आहे. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांची खोरी, त्यांवरील धरणे व उपसा योजना, सहकारी साखर कारखाने आणि पूर्वेकडील तालुक्यांत ठाण मांडून बसलेला दुष्काळ, या क्रमाने तो सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही मांडणी उसापुरती पुरेशी ठरते. फळबागांचा विचार करताना मात्र ती अपुरी पडते, कारण विहिरीला पाणी लागल्यानंतर शेतात कोणती जात लावली गेली, तिची काडी किंवा रोप कोठून आले आणि सांगितलेली जातच आपल्या पदरात पडली आहे याची खात्री बागायतदाराने कशी करून घेतली, या प्रश्नांची उत्तरे पाण्याच्या इतिहासात सापडत नाहीत. ती रोपवाटिकांच्या इतिहासात शोधावी लागतात, आणि त्या इतिहासाकडे अभ्यासकांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे येथे दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार केला आहे तो केवळ शेजारामुळे नव्हे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीकडे पाचशे मिलिमीटरची वाट पाहावी लागते. हवामानाचा इतका मोठा उतार एकाच टापूत असल्यामुळे, कोणते रोप कोठे वाढवायचे आणि कोठे लावायचे, हा येथील बागाईतीचा मूळ प्रश्न राहिला आहे.

रोपाच्या खरेदीत एक अडचण आहे, आणि या व्यवसायातील बहुतेक चालीरीती त्या अडचणीतून निर्माण झाल्या आहेत. बी पेरून वाढवलेले फळझाड आईबापाचे गुण जसेच्या तसे उचलत नाही. म्हणूनच कोयीपासून वाढलेल्या आंब्याला रायवळ म्हणतात आणि त्याच्या फळाची हमी कोणी देत नाही. मूळ झाडाचे गुण हवे असतील तर त्या झाडाचाच एखादा जिवंत भाग, म्हणजे काडी, डोळा, फुटवा किंवा मुळे फोडलेली फांदी, घेऊन त्यापासून नवे झाड करावे लागते. ज्या झाडापासून हा भाग घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात आणि अपेक्षित गुणांच्या रोपाला बागायतदार जातिवंत रोप म्हणतात. परंतु पिशवीतले हातभर उंचीचे रोप पाहून त्याची जात ओळखणे जाणत्यालाही कठीण जाते; फसगत झाली असेल तर ती दोन-तीन वर्षांनी, फळ धरल्यावर कळते, आणि तोवर खड्डे, खत, मांडव आणि मजुरी यांवरचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. साहजिकच रोप विकत घेण्याआधी मातृवृक्ष प्रत्यक्ष पाहून येणे, शक्यतो तो फळावर असताना पाहणे, हा या भागातील बागायतदारांचा परिपाठ झाला. पहाटे चार-पाच जणांनी मिळून गाडी करायची, दिवसभरात एक-दोन रोपवाटिका आणि त्यांच्या मातृबागा पालथ्या घालायच्या आणि मुक्काम न करता रात्री घरी परतायचे, अशा फेऱ्यांना वरवर पाहता सहलीचे रूप असते. वस्तुतः ती एका मोठ्या गुंतवणुकीची तपासणी असते.

इंग्रजपूर्व काळातील रोपव्यवहाराविषयीची माहिती विखुरलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे आरमारासाठीही धन्याच्या संमतीवाचून तोडू नयेत असा दंडक आढळतो, आणि त्यावरून लावलेल्या झाडावरील मालकीची जाणीव किती पक्की होती हे दिसते. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींना बागांची हौस होती, हेही इतिहासकारांनी नोंदवले आहे. आंब्याचे कलम बांधण्याची विद्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात रुजली आणि तेथून कोकणामार्गे वर आली. घाटमाथ्यावरील सरदारांच्या आमरायांत मात्र रायवळ झाडेच बहुसंख्य राहिली.

एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या पठारावर जे घडले ते याहून वेगळ्या प्रकारचे होते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली पुण्याजवळ दापुरी येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू करवले, आणि १८२९ च्या तहाने साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून खंडाळा या गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचा टापू कंपनी सरकारकडे घेतला. एकाच माणसाच्या कारकिर्दीत पडलेली ही दोन पावले एकमेकांशी सुसंगत होती. युरोपीय आजाऱ्यांसाठी थंड हवेचे ठाणे वसवायचे तर त्यांच्या सवयीची भाजी आणि फळे तेथे पिकली पाहिजेत, आणि परमुलखातील वनस्पती या देशात जगवून, वाढवून वाटायची तर त्यासाठी प्रयोगाच्या बागा हव्यात, हा त्यामागील विचार होता. दापुरीचे उद्यान पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली नावारूपाला आले. हेच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

महाबळेश्वरच्या बागांना आकार देणारे हात मात्र साहेबांचे नव्हते. मलाक्का सामुद्रधुनीच्या वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी १८३४ च्या सुमारास येथे तुरुंग उघडण्यात आला आणि तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड केली, टेकड्यांच्या उतारावरची माती धरून ठेवणारे वाफे बांधले आणि पेठेच्या बाजाराला माल पुरवला. कोयना खोऱ्याच्या माथ्यावरील चायनामन धबधबा हे नाव जवळच्या चिनी बागांवरून पडले. या माणसांची नावे कोणत्याही उद्यानाच्या फलकावर नाहीत; परंतु आजन्म परागंदा झालेल्या ज्या लोकांनी अनोळखी डोंगरावर अनोळखी पिके रुजवून दाखवली, त्यांना या भागातील बागाईतीचे आद्य शिक्षक मानणे न्याय्य होईल.

सरकारी प्रयोग सगळेच साधले असे नाही. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना या झाडाच्या सालीपासून हिवतापावरील क्विनीन हे औषध मिळते. निलगिरीत त्याची लागवड यशस्वी होत असल्याचे पाहून १८६० च्या दशकात वेण्णा नदीच्या काठी लिंगमळा येथेही सिंकोनाची रोपे लावण्यात आली. पावसाळ्यातील चार महिन्यांचे अखंड पाणी आणि त्यामागून येणारा कोरडा काळ त्यांना सोसला नाही, आणि पुढच्या दशकात तो प्रयोग सोडून द्यावा लागला. पाचगणीत जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने दांडेघर, खिंगर, गोडवली, अमराळ आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेवर वसाहत उभारताना आणलेली झाडे मात्र टिकली. त्यांपैकी ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक या उंच, रुपेरी पानांच्या झाडाने आणि मेक्सिकोच्या लाल पानांच्या पॉइन्सेटियाने पाचगणीचे रूपच बदलून टाकले. सिंकोना हरला आणि सिल्व्हर ओक जिंकला, यामागे कोणाची हुशारी कमी-जास्त नव्हती. रोपाला पाऊस मानवला की नाही, एवढ्यावरच दोन्हींचा निकाल लागला.

पावसाची ही अट स्ट्रॉबेरीच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. चिली आणि उत्तर अमेरिका येथील दोन रानटी जातींचा अठराव्या शतकात फ्रान्समधील बागांत संकर होऊन आजची मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी निर्माण झाली, आणि ब्रिटिश काळातच ती महाबळेश्वरच्या बागांत पोहोचली. आज देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईचा परिसर पिकवतो, आणि २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. या पिकाची लागवड दरवर्षी नव्या रोपांनी करावी लागते. झाडाच्या बुंध्यातून दोऱ्यासारखे लांब फुटवे जमिनीसरपट धावतात, त्यांना शेतकरी रनर म्हणतात. रनरच्या एकाआड एक पेऱ्यावर लहान रोपटे धरते आणि मातीचा स्पर्श होताच मुळे सोडते. रोपवाटिकेत या रोपट्याखाली माती व शेणखत भरलेली छोटी पॉलिथिन पिशवी ठेवतात, मुळे धरली की मधला दोरा कापतात, आणि एका मदर प्लांटपासून अशा रीतीने पुष्कळ रोपे मिळतात. मदर प्लांट बहुतांशी परदेशातून येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेला कॅमारोझा आणि फ्लोरिडा विद्यापीठाचे स्वीट चार्ली व विंटर डॉन हे वाण येथे घरोघर ठाऊक आहेत.

रनर वाढण्याचा हंगाम नेमका पावसाळ्याचा असतो, आणि महाबळेश्वरच्या पावसात उघड्यावर मुळे कुजतात. म्हणून मदर प्लांट घाट उतरवून वाईकडच्या कमी पावसाच्या गावांत लावायचे, पावसाळाभर तेथे रोपे तयार करायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरला की ती पुन्हा घाट चढवून गादीवाफ्यांवर लावायची, अशी विभागणी रूढ झाली. एकाच पिकाचे बालपण एका हवामानात आणि फलधारणा दुसऱ्या हवामानात घडवण्याची ही युक्ती, जी उंचीच्या काहीशे मीटरांच्या फरकावर उभी आहे, या प्रदेशातील रोपविद्येचे सर्वांत देखणे उदाहरण आहे. रोप तयार झाल्यावर भिलार, गुरेघर, मेटगुताड या गावांचे शेतकरी वाईला उतरतात, पिशवी हातात घेऊन पानाखालचा गड्डा, ज्याला क्राऊन म्हणतात, अंगठ्याने चाचपतात, एखादी पिशवी फाडून मुळांचा रंग पाहतात आणि पांढरी, भरगच्च मुळे दिसली तरच सौदा करतात.

द्राक्षाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिचे धागे फार लांबवर जातात. तासगाव, मिरज, पलूस आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांत आज जे बिनबियांचे द्राक्ष दिसते त्याचा मूळ वाण थॉम्पसन सीडलेस. पश्चिम आशियात मनुक्यासाठी शतकानुशतके पिकवल्या जाणाऱ्या पांढऱ्या किसमिस द्राक्षाचेच हे दुसरे नाव होय. १८७२ साली कॅलिफोर्नियातील विल्यम थॉम्पसन या बागायतदाराने न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील एल्वांगर आणि बॅरी या प्रसिद्ध रोपवाटिकेकडून काही काड्या मागवल्या आणि त्यांपैकी एकच जगली असे सांगतात. त्या वेलीच्या काड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेल्या आणि वाणाला थॉम्पसनचे नाव चिकटले. महाराष्ट्रात तोवर भोकरी, फकडी आणि पंढरी साहेबी या बियांच्या जाती होत्या. पुण्याच्या गणेशखिंड येथील सरकारी फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी पंढरी साहेबीतून निवडलेला वाण चीमा साहेबी म्हणून ओळखला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉम्पसन आला, आणि एका पिढीच्या आत त्याने या सर्व जातींना मागे सारले. १९६० च्या सुमारास स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने छाटणी, संजीवकांचा वापर आणि नवे वाण यांची माहिती गावोगाव नेली, त्याचा यात मोठा हातभार होता.

थॉम्पसनच्या बागा वाढू लागल्यावर जे घडले ते सांगली जिल्ह्याचे स्वतःचे कर्तृत्व आहे. वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल घडून त्यातून निघालेली फांदी इतर फांद्यांहून वेगळे फळ देते. अशी फांदी हेरून, तिच्याच काड्यांपासून पुढची वेल वाढवून नवा वाण स्थिर करणे याला निवड पद्धत म्हणतात. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून अशी निवड करून तास-ए-गणेश हा वाण दिला, आणि तो या जिल्ह्याच्या प्रमुख वाणांपैकी एक ठरला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी याच वाटेने लांबट मण्यांचा सोनाका काढला, आणि तोही सांगलीत मोठ्या प्रमाणावर रुजला. प्रयोगशाळा, पदवी किंवा अनुदान यांपैकी काहीही हाताशी नसताना, रोज बागेत फिरताना पडलेल्या नजरेच्या बळावर हे काम झाले, याचा अभिमान मराठी वाचकाने जरूर बाळगावा. तसाच एक सलही बाळगावा, की त्या काळी शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याचे संरक्षण नव्हते. काड्या हातोहात राज्यभर गेल्या आणि शोधकर्त्याच्या वाट्याला प्रामुख्याने नावलौकिकच आला. शेतकऱ्याने काढलेल्या वाणाची नोंद करून त्यावर हक्क सांगण्याची सोय २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने झाली.

आरंभीच्या काळात द्राक्षाची लागवड अगदी सोपी होती. महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधील खरड छाटणी काड्या तयार करण्यासाठी असते आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी छाटणी फळासाठी. या दुसऱ्या छाटणीत निघालेल्या पक्व काड्यांचे तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून वाफ्यात खोचले की मुळे फुटत. त्यामुळे रोपवाटिका आणि बाग यांत फारसा भेद नव्हता; ज्याची बाग चांगली त्याच्याकडे छाटणीच्या दिवशी पाहुणे आणि शेजारी जमत आणि मोळ्या बांधून काड्या नेत. काडी ही विकायची वस्तू नव्हती, ती मागून न्यायची गोष्ट होती, आणि तासगावच्या आसपास द्राक्ष इतक्या वेगाने पसरण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

पुढे हा सुकर मार्ग बंद झाला. विहिरी आणि कूपनलिका खोल गेल्या तसे क्षारयुक्त पाणी बागेला मिळू लागले, अवर्षणाची वर्षे वाढली, आणि स्वतःच्या मुळांवर उभा असलेला थॉम्पसन खंगू लागला. यावरचा उपाय म्हणजे खुंट. जमिनीतले मूळ एका काटक जातीचे ठेवायचे आणि वर हवी ती जात कलम करायची, यातील खालच्या झाडाला खुंट आणि वरच्या काडीला सायन किंवा कलमकाडी म्हणतात. युरोपात ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुळे खाणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे उजाड केल्यावर सार्वत्रिक झाली होती. आपल्याकडे त्या किडीचा प्रश्न नव्हता, खारे पाणी आणि दुष्काळ हा प्रश्न होता. त्या कसोटीला उतरलेला डॉगरिज हा खुंट अमेरिकेतील टेक्सासच्या वन्य द्राक्षवेलींमधला आहे, आणि त्याची निवड टी. व्ही. मन्सन या डेनिसन गावच्या रोपवाटिकाकाराच्या नावे नोंदलेली आहे. तासगावच्या एखाद्या वेलीचे कलम जेथे जुळलेले दिसते, त्या गाठीच्या खाली मन्सनचा वारसा असतो आणि वर रॉचेस्टरच्या रोपवाटिकेतून निघालेल्या काडीचा. दोन परकीय रोपवाटिकांचे धन येरळेच्या खोऱ्यात एका बुंध्यावर सांधले गेले, ही घटना जागतिक बागाईतीच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी आहे.

खुंटामुळे रोपवाटिका हा स्वतंत्र व्यवसाय झाला. डॉगरिज आणि त्यामागून आलेला ११० आर यांच्या काड्या फळबागेत मिळत नाहीत, त्यासाठी खुंटांची वेगळी मातृबाग राखावी लागते. पिशवीत मुळे फोडलेली ही रोपे शेतकरी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान नेऊन शेतात लावतो. ऑगस्ट-सप्टेंबरात हवेत दमटपणा असतो आणि खुंटाची फूट पेन्सिलीएवढी जाड झालेली असते, तेव्हा पाचर कलम बांधतात. खुंट आडवा छाटून त्याला मधोमध खाच देतात, तेवढ्याच जाडीच्या कलमकाडीला दोन्ही बाजूंनी तिरपे तासून तिची पाचर करतात, साल सालीला भिडेल अशी ती खाचेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. सालीखालचा हिरवा थर जुळला नाही तर डोळा फुटूनही कलम वाळते. म्हणून कलम बांधणाऱ्या कसबी मजुरांना त्या दोन महिन्यांत गावोगावी मोठी मागणी असते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने खुंटांवर पुष्कळ काम केले, आणि मणेराजुरी-सावळज भागातील बागायतदारांच्या फेऱ्यांत मांजरीची भर पडली.

सांगलीच्या पूर्वेला आटपाडी आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागात डाळिंबाने असाच विस्तार केला. गणेश हा वाण डॉ. चीमा यांनीच १९३६ साली गणेशखिंडीत निवडला होता. त्याचा आणि नंतरच्या भगव्याचा प्रसार गुटी कलमाने झाला. फांदीची साल गोल काढून त्या जागी ओले शेवाळ बांधले की तेथे मुळे फुटतात, मग फांदी कापून रोप म्हणून लावतात. १९९० साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना सुरू केली तेव्हा रोपांची मागणी एकाएकी वाढली, आणि गुटी सोपी असल्याने जो तो रोपे करू लागला. तेल्या हा जिवाणूजन्य रोग पुढे ज्या वेगाने पसरला त्यामागे रोगट बागांतून बांधलेल्या गुट्यांचा वाटा मोठा होता. मातृवृक्ष न पाहता घेतलेले रोप केवळ जातीत फसवते असे नाही, ते घरात रोगही आणते, हा धडा आटपाडीला फार महाग पडला, आणि त्यानंतर ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या, रोपांकडे अनेकांनी मोर्चा वळवला.

कायदा मात्र फार आधीपासून अस्तित्वात होता. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ सालचा आहे. परवान्याशिवाय फळरोपांचा धंदा करू नये आणि खुंट व कलमकाडी कोठून आणली याची नोंद ठेवावी, हा त्याचा गाभा होय. या नोंदवह्या नीट जपल्या गेल्या तर कोणता वाण कोणत्या वर्षी कोणत्या गावात शिरला हे सांगणारे त्यांच्याइतके विश्वसनीय साधन दुसरे नाही. वाळवा आणि मिरज तालुक्यांत शेडनेटखाली कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये भाजीपाल्याची आणि एक डोळ्याच्या उसाची रोपे लाखांनी तयार करणारा जो नवा रोपवाटिका व्यवसाय उभा राहिला आहे, त्याचा हिशेब या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि तेथे ग्राहकाची भिस्त आजही चालकाच्या शब्दावर असते.

खुंटावर आधीच बांधलेली तयार कलमे आता विकत मिळतात आणि त्यांमुळे एक हंगामही वाचतो. तरीही सांगलीतील बहुसंख्य द्राक्षबागायतदार खुंट शेतात लावून कलम जागेवरच बांधणे पसंत करतात. जागेवर वाढलेल्या खुंटाचे मूळ खोल जाते, हे त्याचे एक कारण ते देतात. दुसरे कारण असे की, कलमकाडी कोणत्या बागेतून आणायची हा निर्णय त्यामुळे त्यांच्याच हातात राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड भरलेले असताना ते पसंतीच्या बागेत जातात, मालकाच्या परवानगीने चांगल्या वेलींच्या खोडाला रंगाची खूण करतात, आणि कलमाच्या दिवसांत नेमक्या त्याच वेलींच्या काड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, त्याच दिवशी शेतावर आणतात.